प्रयोगशाळेतला शोध उद्यमबागेत आणताना: हाय व्होल्टेज पल्स यंत्रांच्या संरक्षणाचं लायसन्स कसं घ्यावं

जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधायला वीज कंपनीची गाडी येते, तेव्हा थोड्या थोड्या वेळानं ‘धप्प’ असा आवाज ऐकू येतो. गाडीतला कपॅसिटर काही हजार व्होल्टपर्यंत भरायचा आणि एका झटक्यात केबलमध्ये रिकामा करायचा. इन्सुलेशन जिथं फुटलंय तिथं ठिणगी पडते आणि आवाजावरून जागा कळते. मोटरची चुंबकं भरणारा मॅग्नेटायझर, ट्रान्सफॉर्मरला आकाशातल्या विजेसारखा कृत्रिम झटका देऊन तपासणारा इम्पल्स जनरेटर, कॅन्सर हॉस्पिटलमधला किरणोपचाराचा लिनॅक ही सगळी याच घराण्यातली. सावकाश साठवायचं, झटक्यात सोडायचं.

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग करणारी बरीच वर्कशॉप आहेत. त्यातल्या कुणाला या धंद्यात शिरायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अख्खं यंत्र बनवायच्या नादी लागू नका, त्याला वाचवणारा मॉड्युल करा. गिऱ्हाइकाकडे यंत्र आधीच असतं, ते एकदा तरी फुटलेलं असतं आणि दुरुस्तीचं बिल त्याच्या लक्षात असतं. असे मॉड्युल सरकारी प्रयोगशाळांत आणि कॉलेजांत तयार होतात. ते लायसन्सवर घेता येतात. मात्र पेटंटचा कागद हा या सौद्यातला सगळ्यात हलका भाग असतो. पैसे मोजायचे ते टेस्टच्या नोंदी, ड्रॉइंग आणि शोध लावणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबानं लिहिली आहे.

आधी बिघाड ठरवा, मग शोध

दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २० केव्हीला भरला की त्यात २००० ज्यूल साठतात. हीच ऊर्जा २० मायक्रोसेकंदांत सुटली तर सरासरी पॉवर १०० मेगावॅट होते. साधा ब्रेकर उघडायला काही मिलीसेकंद घेतो, तोवर सगळा कारभार आटोपलेला असतो. म्हणून नेहमीची स्विचगिअरची अक्कल इथं चालत नाही.

बिघाडाचे प्रकार वेगवेगळे आहेत. कपॅसिटरच्या बँकेत, म्हणजे एकत्र जोडलेल्या संचात, दहा कपॅसिटर समांतर असतील आणि त्यातला एक आतून शॉर्ट झाला, तर बाकीचे नऊ आपली ऊर्जा त्याच्यातच ओततात. डबा फुगतो, फाटतो, तेल उडतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कपॅसिटरला स्वतंत्र फ्यूज किंवा रेझिस्टर. दुसरा बिघाड लोडमध्ये आर्क पडण्याचा. क्लायस्ट्रॉनसारख्या, मायक्रोवेव्हची पॉवर वाढवणाऱ्या महागड्या ट्यूबमध्ये आर्क पडला तर काही थोडे ज्यूलच आत जाऊ द्यायचे असतात, नाहीतर ट्यूब गेली. तिथं क्रोबार लावतात: फॉल्ट दिसताच समांतर स्विच जोडून ऊर्जा बाजूला वळवायची. तिसरा म्हणजे व्होल्टेज उलटं फिरणं, म्हणजे रिंगिंग. त्यानं कपॅसिटर लगेच फुटत नाही, आयुष्य कमी होतं, आणि दोन वर्षांनी गिऱ्हाईक फोनवर ओरडतो. चौथा बिघाड कुणी मोजत नाही: मोठ्या करंटच्या गोंगाटानं कंट्रोल कार्ड भरकटतं आणि संरक्षण नको तेव्हा चालतं.

तुमच्या गिऱ्हाइकाला यातला कोणता त्रास आहे, हे त्याच्या यंत्राशेजारी उभं राहून विचारा. क्रोबारचं लायसन्स घेऊन मॅग्नेटायझरवाल्याकडे गेलात आणि त्याचे कपॅसिटर रिंगिंगनं मरत असले, तर रिकाम्या हातानं परत याल.

शोध सापडतात कुठं

मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या तिन्ही ठिकाणी पल्स पॉवरवर काम चालतं आणि त्यांचं तंत्रज्ञान उद्योगांना देण्याची सोय आहे. पिलानीच्या सीरी संस्थेत थायरेट्रॉनसारख्या स्विचिंग ट्यूबवर काम झालं आहे. अनेक सरकारी प्रयोगशाळांचे शोध १९५३ साली स्थापन झालेल्या एनआरडीसी या सरकारी महामंडळामार्फतही मिळतात. परदेशात सँडिया आणि लॉरेन्स लिव्हरमोर या अमेरिकी प्रयोगशाळा ही या विषयातली मोठी नावं.

जवळचं विसरू नका. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय मच्छ्यातच आहे, गोगटे कॉलेज उद्यमबागेत आहे. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधूनही कामाची गोष्ट निघते. पण कॉलेजच्या शोधाबाबत दोन प्रश्न आधी विचारायचे. मालक कोण, प्राध्यापक की संस्था की अनुदान देणारं खातं? आणि पेटंटचा अर्ज करण्याआधी पेपर छापून झाला का? छापून झाला असेल तर नावीन्य गेलं, पेटंट मिळणं अवघड. पेटंट नसलं म्हणून सौदा बाद होतो असं नाही, फक्त किंमत त्या मानानं उतरते.

पेटंट आपल्याला बांधतं का, ते पाहा

ही पायरी बरेच जण वकिलावर सोडतात. मी म्हणतो, पहिला शोध स्वतः घ्या. भारतीय पेटंट ऑफिसच्या इनपास या मोफत शोधयंत्रावर संस्थेचं आणि शोधकाचं नाव टाका. अर्ज आहे की मंजूर झालंय, वार्षिक फी भरलेली आहे का, हे तिथं दिसतं. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. चौदा वर्षं उलटून गेलेलं पेटंट असेल तर उरलेल्या सहा वर्षांचेच पैसे द्या.

पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं फक्त अमेरिकेत पेटंट घेतलं असेल आणि भारतात अर्जच केला नसेल, तर त्या पेटंटच्या जोरावर बेळगावात बनवून कोल्हापुरात विकण्यापासून तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. तो माल अमेरिकेत पाठवता येणार नाही, इतकंच. तरीही लायसन्स घ्यावंसं वाटेल, कारण पेटंटमध्ये तत्त्व लिहिलेलं असतं. इलेक्ट्रोडचा मिश्रधातू कोणता, गॅप किती थॉवर (थॉ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सेट करायचा, कोणत्या कंपनीचा डायोड तिसऱ्या महिन्यात जळला, हे त्यात नसतं. मग करार ‘नो-हाऊ’चा होतो आणि बोलणी त्या पायावर करायची.

क्लेम म्हणजे पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं ती वाक्यं. ते वाचताना पहिला क्लेम कागदावर उतरवून त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा तुमच्या मॉड्युलमध्ये आहे का, टिक करा. एक जरी तुकडा नसेल तर त्या क्लेमसाठी रॉयल्टी का द्यायची, हा प्रश्न टेबलावर मांडता येतो. पक्का निर्णय घेण्यापूर्वी पेटंट एजंटचा सल्ला घ्याच. कर्नाटकातले अर्ज चेन्नई ऑफिसकडे जातात, त्यामुळे तिथल्या कामाचा सराव असलेला एजंट बरा.

गुप्ततेचा करार, आणि प्रयोगशाळेतला एक दिवस

ड्रॉइंग पाहण्याआधी गुप्ततेचा करार येईल. सही करा, पण मुदत लिहून घ्या, आणि तुम्हाला आधीपासून माहीत असलेलं त्यात येत नाही हे वाक्य आहे ना ते पाहा. तुम्ही वीस वर्षं पॅनेल करत असाल तर अर्थिंगची तुमची पद्धत ही तुमचीच.

मग प्रात्यक्षिक बघायला जा. जाताना तुमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात अनुभवी वायरमन सोबत न्या. मालक ब्रोशर बघतो, मिस्त्री तारेच्या टोकाचा लग बघतो.

क्रोबार असेल तर तारेची टेस्ट मागा. हाय व्होल्टेजच्या टोकाला स्विचमधून एक बारीक तांब्याची तार जोडतात, केसाएवढी, वीतभर लांब. तिची जाडी आणि लांबी अशी निवडतात की ठराविक ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा गेली तर ती वितळून तुटावी. बँक पूर्ण भरायची, स्विच जोडून मुद्दाम शॉर्ट करायचा. क्रोबार वेळेत चालला तर मोठा ठोका बसतो, आणि तार जशीच्या तशी लोंबकळत राहते. नाही चालला तर तारेच्या जागी हिरवट झगझगाट आणि धूर. एकदा बघून समाधान मानू नका. सलग वीस-पंचवीस वेळा करायला सांगा, कमी व्होल्टेजलाही करायला सांगा, कारण बरेच स्पार्क गॅप (ठिणगीनं जोडले जाणारे स्विच) अर्ध्या व्होल्टेजला ट्रिगर घेत नाहीत.

तीन आकडे लिहून घ्या: फॉल्ट दिसल्यापासून करंट वळेपर्यंतचा वेळ, तेवढ्यात लोडमध्ये गेलेली ऊर्जा, आणि स्विच झेलू शकतो तो जास्तीत जास्त करंट. चौथी गोष्ट आकड्यात नाही. मॉड्युलचा स्वतःचा पुरवठा गेला तर काय होतं? संरक्षण बंद पडून यंत्र चालू राहत असेल तर तो शोध अजून अर्धा आहे.

निघताना एक वाक्य नक्की बोला: “सर, फेल झालेल्या टेस्टच्या शीट पण द्या.” चांगला शास्त्रज्ञ हसेल आणि फाइल काढेल. तिथं टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

आधी मूल्यमापन, मग लायसन्स

एकदम लायसन्सवर सही करू नका. सहा महिने किंवा वर्षभराचा मूल्यमापनाचा करार मागा: थोडी फी, एक नमुना बनवायची परवानगी, आणि त्या काळात दुसऱ्याला हे लायसन्स न देण्याचा शब्द. सरकारी संस्था बहुधा ठरलेल्या नमुन्यावर, एकापेक्षा जास्त उद्योगांना तंत्रज्ञान देतात. तिथं वाटाघाटीला जागा कमी, पण फीही बेताची असते. कॉलेजकडून आणि परदेशी प्रयोगशाळांकडून अशी मुभा मिळणं जास्त शक्य.

करारातली खरी भांडणं

रॉयल्टी कशावर, हा पहिला मुद्दा. समजा तुमचा मॉड्युल दोन लाखांचा आणि तो ज्या मॅग्नेटायझरमध्ये बसतो तो वीस लाखांचा. रॉयल्टी चार टक्के. ‘उत्पादनाच्या विक्री किमतीवर’ असं लिहिलं आणि पुढे तुम्ही अख्खा मॅग्नेटायझर विकायला लागलात, तर प्रत्येक नगामागे ८० हजार जातात. ‘संरक्षण मॉड्युलच्या निव्वळ किमतीवर’ लिहिलं तर आठ हजार. जीएसटी, वाहतूक, परत आलेला माल वजा करूनच निव्वळ किंमत धरायची, हेही लिहा. दरवर्षीच्या किमान रॉयल्टीची अट असेल तर पहिली दोन वर्षं तिच्यातून सूट मागा, कारण हा माल विकायला वेळ लागतो.

प्रदेश. आपण सीमेवरची माणसं. वर्कशॉप कर्नाटकात, फौंड्रीचं गिऱ्हाईक शिरोलीत, मोटरवाले पुण्यात, एखादा गोव्यात. कुणी राज्यवार हक्क देऊ म्हणालं तर हात जोडा. ‘संपूर्ण भारत’ लिहून घ्या. वाद कुठल्या कोर्टात, लवाद कुठं बसणार, हेही इथंच ठरतं; संस्था आपलं शहर लिहिते, तुम्ही निदान लवादाची सुनावणी ऑनलाइन व्हावी एवढं तरी पदरात पाडून घ्या. करार इंग्रजीत असणार. सही करण्याआधी तो वकिलाकडून मराठीत कलमवार समजावून घ्या, आणि भागीदार असतील तर त्यांनाही बसवा. निपाणी-चिकोडीकडच्या एकत्र कुटुंबांच्या धंद्यात काका-पुतणे सगळे भागीदार असतात. सहीच्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेलं कलम घरात पुढची दहा वर्षं भांडण लावतं.

क्षेत्र, म्हणजे कोणत्या वापरासाठी. संस्था ‘वैद्यकीय लिनॅक’ स्वतःकडे ठेवून ‘औद्योगिक वापर’ तुम्हाला देऊ शकते. हरकत नाही, त्या प्रमाणात पैसे कमी करा.

सुधारणा कुणाच्या? तुम्ही वापरता वापरता काहीतरी चांगलं शोधाल. ते फुकट आणि फक्त आम्हालाच परत द्या, अशी अट कराराच्या मसुद्यात दिसली तर पेटंट कायद्याचं १४० वं कलम दाखवा. सुधारणा एकतर्फी परत घेणं, पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायला बंदी, पेटंटबाहेरचा माल आमच्याकडूनच घ्या असा आग्रह, नको असलेली पेटंटं गळ्यात बांधणं, अशा अटी त्या कलमानुसार बेकायदा आणि रद्दबातल आहेत. १४१ वं कलमही उपयोगी: पेटंट संपल्यावर तीन महिन्यांच्या नोटिशीनं करारातून बाहेर पडता येतं.

हमी मिळत नाही. प्रयोगशाळा ‘आहे तसं’ देते आणि वर तुमच्याकडूनच नुकसानभरपाईचं वचन घेते. यावर डोकं आपटून फायदा नाही. त्याऐवजी त्या वचनाला वरची मर्यादा घाला आणि उत्पादन दायित्वाचा विमा काढा. हाय व्होल्टेजच्या मालात तो खर्च टाळण्यासारखा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, परिशिष्ट. ड्रॉइंगची यादी, सर्किट, फर्मवेअरचा सोर्स, पार्ट्सची यादी पुरवठादारांच्या नावांसह, टेस्टच्या नोंदी, आणि शोधकाचे दिवस: किती दिवस तो तुमच्या वर्कशॉपला येईल, प्रवासखर्च कुणाचा. ‘आवश्यक ते सहकार्य’ हे शब्द खोडून दिवसांचा आकडा लिहा. परिशिष्टाशिवाय मिळालेलं लायसन्स म्हणजे दुसऱ्याची वाट अडवायचा हक्क. मॉड्युल त्यानं बनत नाही.

पैशांचे हप्ते कामाशी बांधा. माझा आग्रह असा की दुसरा हप्ता तुमच्या जागेत, जुलै-ऑगस्टमध्ये, स्वीकृती चाचणी पास झाल्यावरच द्यायचा. कारण पुढे येईल.

सरकारी कागद, थोडक्यात

पेटंटचं लायसन्स लेखीच लागतं. ते फॉर्म १६ भरून पेटंट ऑफिसात नोंदवा. नोंद नसेल तर कोर्टात त्या कागदाचा आधार घेणं अवघड जातं. मुद्रांक शुल्क सही कुठल्या राज्यात होते त्यावरही ठरतं, तेव्हा मुंबईत सही करून बेळगावला आणण्याआधी वकिलाला विचारा. लायसन्सवर १८ टक्के जीएसटी असतो. परदेशी संस्था असेल तर तो रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरता आणि क्रेडिट घेता. परदेशी रॉयल्टीवर टीडीएस कापावा लागतो. अमेरिकेशी असलेल्या करारात ही मर्यादा सर्वसाधारण रॉयल्टीला १५ टक्के आहे, पण त्यासाठी समोरच्याचं कर-निवासाचं प्रमाणपत्र हवं. ‘सगळे कर लायसन्स घेणाऱ्यानं सोसायचे’ असं वाक्य मसुद्यात हमखास असतं, ते शोधून काढा.

अमेरिकी सरकारी पैशातून झालेल्या शोधाचं तिथलं एकाधिकार लायसन्स घेतलं, तर तिथं विकायचा माल बऱ्याच अंशी तिथंच बनवण्याची अट लागते. भारतापुरतं लायसन्स घेतानाही अशी अट मसुद्यात आहे का, ते पाहा.

निर्यातीचं मात्र गंभीरपणे घ्या. ठराविक क्षमतेच्या वरचे पल्स कपॅसिटर आणि ट्रिगर्ड स्पार्क गॅप हे अणुकार्यक्रमातही वापरता येतात, म्हणून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. आपल्याकडे त्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी आहे. दुबईच्या एखाद्या व्यापाऱ्यानं भाव न करता पन्नास स्पार्क गॅप मागितले तर खूश होण्याआधी ती यादी उघडा. ड्रॉइंग ईमेलनं पाठवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते.

उद्यमबागेतला पहिला नग

प्रयोगशाळेत एसी असतो, फरशी पुसलेली असते. आपल्याकडे शेजारी फौंड्री असते. तिथल्या धुळीत ग्रॅफाइट, लोखंडाचा बारीक कीस असतो, दोन्ही वीज वाहून नेणारं. त्यावर खानापूरकडून येणारा पाऊस. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर ही धूळ आणि ओल बसली की दिल्लीत २५ केव्ही झेलणारा पोस्ट, म्हणजे इन्सुलेटरचा खांब, इथं त्याच्या कितीतरी खाली ट्रॅक होतो, म्हणजे पृष्ठभागावरून वीज सरकायला लागते. पावसाळ्यातच चाचणी घ्यायचा आग्रह त्यासाठी. कपाट सीलबंद करा, फिल्टरमधून हवा आत ढकलणारा छोटा पंखा लावा, क्रीपेज अंतर (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) ड्रॉइंगपेक्षा वाढवा, आणि हा बदल शोधकाला लेखी कळवा.

अर्थिंगमध्ये आपले मिस्त्री हटकून एक गोष्ट करतात: गोल तारेला छान वळण देऊन आणतात. एक मीटर तारेचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. दहा हजार अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढले तर त्या एका मीटरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. रुंद तांब्याची पट्टी वापरा, अंतर कमीत कमी ठेवा, अर्थ एकाच बिंदूला बांधा. ट्रिगरचा सिग्नल तारेऐवजी फायबरनं न्या.

आणि कपॅसिटर रिकामा करायचा डिस्चार्ज रॉड. आधी रेझिस्टरवाला, मग थेट अर्थचा, मग शॉर्टिंग क्लिप लावूनच ठेवायची. मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावरही थोड्या वेळात डायइलेक्ट्रिकमध्ये अडकलेल्या चार्जमुळे पुन्हा व्होल्टेज धरतो, जीव घेण्याइतकं. रॉड कपाटाच्या दारालाच टांगा, आणि रॉड जागेवरून उचलल्याशिवाय दार उघडणार नाही असा इंटरलॉक करा. नवीन पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

नग तयार झाला की बेंगळूरच्या सीपीआरआय या केंद्रीय वीज संशोधन संस्थेत हाय व्होल्टेज टेस्ट करून घ्या. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून नमुना अर्धा झाला असतानाच विचारणा करा. तिथला रिपोर्ट हातात असेल तर पुण्याचा खरेदी विभाग तुमची फाइल निदान उघडतो.

विक्री सुरू झाल्यावर

प्रत्येक मॉड्युलला सीरियल नंबर द्या आणि रॉयल्टीचं वेगळं रजिस्टर ठेवा: नंबर, बिल, तारीख, निव्वळ किंमत, बदलून दिला असल्यास तसा शेरा. तिमाहीत एकही विक्री झाली नाही तरी शून्याचं विवरण पाठवा. न पाठवल्यावरून करार मोडायचा हक्क बहुतेक मसुद्यांत असतो. पेटंट भारतात कसं वापरलं जातंय याचा फॉर्म २७ पेटंटधारकाप्रमाणेच लायसन्सधारकालाही भरावा लागतो, २०२४ च्या दुरुस्तीनंतर तीन आर्थिक वर्षांतून एकदा.

तुमची स्वतःची सुधारणा झाली, समजा धुळीला तोंड देणारा बंद स्पार्क गॅप, तर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी भारतात तात्पुरता अर्ज करा. पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण अर्ज करता येतो, आणि लहान उद्योगाला फीत मोठी सवलत आहे. परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबा, किंवा ३९ व्या कलमाखाली आधी परवानगी काढा.

गिऱ्हाइकाकडे मॉड्युल एकदा खरोखर चालला की तिथला ऑसिलोस्कोपचा ट्रेस आणि तारीख मागून घ्या, आणि एक प्रत शोधकाला पाठवा. त्याला प्रयोगशाळेत न मिळणारी माहिती तुमच्याकडे जमत जाते, आणि लायसन्सच्या नूतनीकरणाला बसताना रॉयल्टीचा आकडा खाली आणायला तीच उपयोगी पडते.